भिंतीवरची मूद

"माझ्या कुत्र्याला कुणीतरी विष घालतंय," समोरच्या खुर्चीच्या कडेवर टेकलेले गृहस्थ म्हणाले, आणि शिवरामने हसू दाबायला खिडकीबाहेर तोंड फिरवलं.

खिडकीखाली खोपटचा एसटी डेपो होता. तिथे शिवरामने तेहतीस वर्षं तिकिटं फाडली होती. निवृत्त झाल्यावर तो समोरच्याच इमारतीचा जिना चढून नीला कर्णिकच्या खोलीत येऊन बसायला लागला. नीलाताई खासगी तपासाची कामं करत. वय चाळिशीचं, अंगावर सुती साडी आणि खांद्याला फुगलेली पर्स, जिच्यात टॉर्चपासून टिंक्चरपर्यंत काय वाट्टेल ते निघे. शिवराम स्वतःला त्यांचा मदतनीस म्हणवी. खरं म्हणजे बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा नागपूरला. रिकाम्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकत बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसलेलं बरं, इतकी साधी गोष्ट होती.

पळालेले नवरे शोधले, हरवलेल्या पाटल्या शोधल्या. आता कुत्री, असं शिवरामच्या मनात आलं. नव्वद सालच्या आसपासचा हिवाळा होता आणि कामंही बेतास बात होती.

नीलाताई मात्र हसल्या नव्हत्या. त्यांनी गृहस्थांना सुरुवातीपासून सांगायला लावलं.

त्यांचं नाव भगवान साळवे. कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत प्रयोगशाळेत नोकरी झाली, आता घरी असत. खाडीच्या बाजूला एका बैठ्या चाळीत दोन खोल्या. मूलबाळ नाही. बायको शालू दोन वर्षांपूर्वी गेली. कुत्रा तिनेच आणलेला, खाडीच्या चिखलात सापडलेलं पिल्लू. नाव भुऱ्या.

"तो आहे म्हणून मी दार उघडताना 'आलो रे' म्हणतो," साळवे म्हणाले. "तो गेला की हे म्हणायला कोण आहे मला?"

शिवरामचं हसू आपोआप विरलं. तो स्वतः दार उघडताना काहीच म्हणत नसे.

भुऱ्याला सहा महिन्यांपूर्वी साखरेचा विकार निघाला. गुरांच्या डॉक्टरांनी बजावलं की भात, पोळी, पाव, बिस्किट सगळं बंद. पिष्टमय काही म्हणून पोटात जाता कामा नये. सकाळी आठला इन्शुलिनची सुई, मग उकडलेलं मटण नि दुधी, पुन्हा संध्याकाळी तेच. साळव्यांनी ते औषधासारखं मोजून पाळलं. शिवाय रोज संध्याकाळी सहाला ते कुत्र्याची लघवी परीक्षानळीत घेऊन एका निळ्या द्रावात उकळत. साखर नसली तर द्राव निळाच राहतो, जास्त असली तर विटेसारखा लाल होतो. जन्मभर हेच काम केलेला माणूस, त्यात काय चुकणार.

"आणि रंग कोणता येतो?" नीलाताईंनी विचारलं.

रोज लाल, साळव्यांनी सांगितलं. भात नाही, पोळी नाही, तरी लाल. डॉक्टरांनी दोनदा सुईचा डोस वाढवला. दुसऱ्यांदा वाढवून ते गावी गेले ते अजून आलेले नाहीत, दवाखाना कंपाउंडरच बघतो. त्यानंतर झटके सुरू झाले. दुपारी तीनच्या सुमारास कुत्रा आडवा पडतो, पाय झाडतो, तोंडाला फेस. चार वेळा झालं. रिक्षात घालून न्यायचं, कंपाउंडर ग्लुकोजची बाटली टोचतो, आणि दहा मिनिटांत भुऱ्या उठून उभा. ही विषबाधाच, असं कंपाउंडरही म्हणाला.

"साखरेचाच त्रास नसेल कशावरून?"

"अहो, तीच तर गंमत आहे. झटक्यात त्याची लघवी होते, ती मी तपासतो. त्या दिवशी द्राव स्वच्छ निळा. म्हणजे ज्या दिवशी साखर उत्तम, नेमका त्याच दिवशी झटका. दुखण्याचा संबंध येतोच कुठे?"

शिवरामला हे पटलं. त्याने नीलाताईंकडे पाहिलं, पण त्या साळव्यांची डायरी उघडून बसल्या होत्या. कंपनीने दिलेली जाड डायरी, तारीख, वार, आणि पुढे एकेक शब्द: लाल, लाल, लाल. चार ठिकाणी निळा, आणि बाजूला फुली. पहिली फुली बुधवारी. मग गुरुवार, पुन्हा गुरुवार, आणि शेवटची कालच्या शुक्रवारी.

त्यांनी कागदावर तीन आकडे लिहिले: आठ, सात, पंधरा. दोन झटक्यांमधले दिवस.

"तुम्हाला यात काही दिसतं, शिवरामभाऊ?"

शिवरामला त्यात दोन गुरुवार दिसले, आणि त्याने तसं ठासून सांगितलं.

दुपारी दोनला ते कोलशेतला उतरले. उन्हात कंपनीचा आंबूस वास आणि खाडीचा खारा वास एकमेकांत मिसळलेला होता. चाळीच्या मागे सगळ्यांच्या मागल्या दारांपुढे लांबट अंगण, आणि दोन-दोन खोल्यांच्या मधे गुडघाभर उंचीची भिंत. साळव्यांचं मागलं दार सताड उघडं होतं. जेवून एक ते अडीच झोपतो, तेव्हा भुऱ्या अंगणात मोकळा असतो, असं त्यांनी सांगितलं. आज घरी नसल्याने दार तसंच ठेवून आलो होतो म्हणाले.

भुऱ्या उठून आला. तपकिरी, पाठीची हाडं दिसणारा, डाव्या डोळ्यावर दुधासारखी साय धरलेला. डाव्या बाजूने जाणाऱ्या शिवरामला त्याने पाहिलंच नाही, मग वासाने ओळख करून घेतली आणि त्याच्या पायावर सगळं अंग टेकून उभा राहिला. चार वर्षांत शिवरामच्या अंगाला असं कुणी टेकलं नव्हतं. तो हलला नाही.

नीलाताईंनी पर्समधून कापसाचा बोळा काढला, ओला करून कुत्र्याची हनुवटी नि मिशा पुसल्या, आणि बोळ्यावर आयोडीनचे दोन थेंब टाकले. तपकिरी थेंब बघता बघता काळानिळा झाला.

साळव्यांना अर्थ सांगावा लागला नाही. "पिष्ट," ते म्हणाले आणि उंबऱ्यावर बसले. "पण लाळेने ते फुटायला हवं होतं."

"माणसाच्या लाळेने. कुत्र्याच्या लाळेत ती सोय नाही, त्याचं काम पोटात गेल्यावर सुरू होतं. म्हणून मिशांना लागलेलं तसंच राहिलं."

साळव्यांना वाटलं, डब्यातला तांदूळ खाल्ला असेल. नीलाताई म्हणाल्या की कच्चा तांदूळ कुत्र्याला नीट पचत नाही, दाणे तसेच बाहेर पडले असते आणि तुमच्या नजरेतून ते सुटले नसते. शिजवलेला भात मात्र पुरता जिरतो, मागे खूण राहत नाही. म्हणजे आज दुपारी कुणीतरी याला शिजलेलं काही घातलं आहे.

"त्याच भातातून विष," शिवराम म्हणाला. नीलाताई तोवर शेजारच्या दाराकडे निघाल्या होत्या.

पहिला नंबर भिवाजीचा लागला. हा साळव्यांच्या उजव्या हाताचा शेजारी, कंपनीत रात्रपाळीला. दार उघडलं ते डोळे चोळत. झोपमोड झाल्याने आधीच पिसाळलेला, त्यात कुत्र्याचं नाव ऐकून त्याचा पारा चढला. हो, बोललेलो मी, वड्यात घालून काहीतरी देईन म्हणून. दिवसा झोपणाऱ्याच्या उशाशी कुत्रा भुंकत असेल तर काय आरती ओवाळायची? पण बोलणं वेगळं नि करणं वेगळं. सुट्टीचा वार विचारल्यावर तो गुरुवार म्हणाला, आणि शिवरामने नीलाताईंना कोपराने ढोसलं.

"भात कोण रांधतं तुमच्याकडे?" नीलाताईंनी विचारलं.

भिवाजीने मागे हात केला. बायको बाळंतपणाला माहेरी गेलेली. स्टोव्हवर कोळिष्टकं होती, तो दोन्ही वेळा खानावळीत जेवे.

कोपऱ्यावरचा चहावाला चंदू जरा हुशारीने बोलला. आपण तर भुऱ्याचे यार, पहिले रोज ग्लुकोजचं बिस्किट द्यायचो. मग साळवेकाकांनी चार लोकांत असा झापला की तेव्हापासून हात आखडता घेतला. पण एक सांगतो ताई, तो पहिले दुपारचा इकडे यायचा बिस्किटाला. हल्ली सहा-सात महिने येतच नाही. दुपारचा त्याचा कुठेतरी दुसरा ठिय्या आहे.

तिसरं दार विमलाबाईंचं, साळव्यांच्या डाव्या हाताला, मधल्या बुटक्या भिंतीपलीकडे. कोळीण बाई, साठीच्या पुढची. कपाळ मोकळं, हात मोकळे, घर लखलखीत. साळव्यांशी तिचं बोलणं बंद होतं, कारण कुत्रा तुळशीपाशी येतो म्हणून तिने चाळीच्या सेक्रेटरीकडे तक्रार केली होती. साळवे म्हणूनच आत न येता बाहेर थांबले.

नीलाताईंनी तिला मावशी म्हटलं आणि ती लगेच बसा म्हणाली. बरेच दिवस घरात कुणी आलेलं नसावं, कारण तिने पुढ्यात केळी ठेवली, मग चहा ठेवला, मग चहा ओतता ओतता बोलत सुटली. भांडी घासूनपुसून पालथी पडली होती. शिवराम म्हणाला, लवकर उरकलंत. ती म्हणाली, "काल पोटात काय नव्हतं बाबा, उपास. मग आज सकालधरनं चूल."

कुत्र्याची तब्येत बरी नाही, त्याला साखर आहे आणि त्याला भात चालत नाही, हे नीलाताईंनी सांगितलं तेव्हा विमलाबाईच्या हातातली किटली जराशी थांबली. तिला हे ठाऊक नव्हतं. साळवे कधी कुणाला काही सांगतच नाहीत, ती म्हणाली.

भिंतीवर तिच्या नवऱ्याचा फोटो होता. होडीत उभा, हसणारा. जाऊन आठ महिने झालेले. शिवरामने सहज विचारलं, आणि बाईचा बांध फुटला.

दहाव्याला खाडीवर पिंड ठेवला, तर कावळा शिवेना. तीन तास सगळी माणसं उन्हात उभी. दिराने विचारलं, वहिनी, त्याचं काय राहिलं असेल ते बोल. तिने हात जोडून काय काय कबूल केलं, तरी नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं घरी गेली. जाताना दोघी-तिघी कुजबुजल्या की बाईनेच काहीतरी दुखवलं असणार.

"चाळीस वर्सं संसार केला, बाय. मला आठवंना काय दुखवलं ते. आजून आठवून बघते." मग ती जरा सावरली. दुसऱ्या दिवसापासून दुपारी आपल्या जेवणाआधी ती त्यांच्या नावाने वाटीभर भाताची एक मूद, वर कालवण, मागे ठेवते. आणि ती रोज शिवली जाते. दाणा उरत नाही. "रोज येतात ते. रागावलेले असते तर आले असते का?"

"तुम्ही बघता कावळ्याला?"

"नाय गं. बघत उभं राह्यलं तर येत नाय तो. मूद ठेवायची नि पाठ फिरवायची."

"आणि उपासाला काय ठेवता?"

"उपासाला चूल कुठं पेटते? एकादशी, संकष्टी तेपण धरायचे माझ्यासंगं." ती फोटोकडे बघून किंचित हसली. "त्या दिवशी दोघंबी उपाशी."

नीलाताईंनी कालचा उपास कोणता, आधीचे कधी झाले, अशी बारीक चौकशी केली. विमलाबाईने बोटांवर मोजून सांगितलं. सांगता सांगता ती एकदा थबकली, नीलाताईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बाकीचे वार जरा हळू आवाजात सांगितले. शिवरामचं लक्ष केळ्यात होतं.

निघताना नीलाताई मागल्या अंगणातून गेल्या. मधल्या भिंतीवर तुळशीच्या बाजूला एक गुळगुळीत जागा होती. मुंग्यांची रांग तिच्यावरून चालली होती. बाकी भिंत स्वच्छ. पलीकडे चिंचेवर कावळे होते, त्या झाडाखालची जमीन शिटांनी पांढरी झालेली. भिंतीवर एक ठिपका नव्हता. नीलाताईंनी दुसरा बोळा काढून त्या जागेवर फिरवला, आयोडीन टाकलं, बघितलं आणि घडी करून पर्समध्ये टाकला.

सहाला साळव्यांनी परीक्षानळी उकळली. निळा द्राव हिरवा झाला, पिवळा झाला, आणि विटेसारखा लाल होऊन थांबला. साळव्यांनी डायरीत लिहिलं. शिवराम मनातल्या मनात भिवाजीला बेड्या ठोकत होता. आता सगळ्यांना बोलावून नीलाताई उलगडा करणार म्हणून तो शेजाऱ्यांना हाक मारायला उठलाही.

"कुणाला बोलवू नका," नीलाताई म्हणाल्या. "दारं लावा दोन्ही. आणि हळू बोलू."

भुऱ्या साळव्यांच्या पायाशी पसरला होता. त्या त्याच्याकडे बघतच बोलायला लागल्या.

"साळवे, तुमच्या कुत्र्याला कुणी विष घातलेलं नाही. ग्लुकोज टोचल्यावर दहा मिनिटांत उठून बसवणारं विष नसतं. ग्लुकोजने उठतो तो साखर फार खाली गेलेला. तुमचा निळा द्राव एवढंच सांगतो की साखर जास्त नाही. ती ठीक आहे की प्राण जाण्याइतकी कमी आहे, हे त्याला सांगता येत नाही. तुम्ही निळा पाहिला आणि उत्तम म्हणालात."

साळव्यांनी कपाळाला हात लावला. एवढी साधी गोष्ट, एवढ्या वर्षांच्या नोकरीत, आणि नेमकी घरच्या वेळी विसरावी.

"पण रोज तर लाल असतो," शिवराम म्हणाला.

"कारण रोज त्याला भात मिळतो. गेले सहा-सात महिने, दुपारी, तुम्ही झोपलेले असता तेव्हा. दुखणं बळावलंय असं समजून डॉक्टरांनी डोस वाढवला, तो त्या न दिसणाऱ्या भाताला पुरेल इतका. भात पोटात असेतो तो डोस चालून गेला. आता सांगा, एखाद्या दिवशी भात आलाच नाही तर?"

साळव्यांनी डायरी पुढे ओढून चार फुल्यांवरून बोट फिरवलं.

"सुई तेवढीच, आणि तिला खायला पोटात काही नाही," ते म्हणाले.

"तोच झटका. आपण शोधत होतो, त्या दिवशी कुणी काय घातलं. शोधायचं होतं, त्या दिवशी कुणी काय घातलं नाही." त्यांनी सकाळचा कागद उलगडला. "आठ, सात, पंधरा. आठवड्याच्या वारांत हे बसत नाही. भिवाजीचे गुरुवार दोनच, आणि त्याच्या स्टोव्हवर कोळिष्टकं. चंदूचं बिस्किट रोजचं होतं, तेही सुटलेलं. पण आठ नि सात मिळून पंधरा. हा चंद्राचा पंधरवडा आहे. शुद्ध एकादशीपासून आठव्या दिवशी संकष्टी, तिथून सातव्या दिवशी वद्य एकादशी, तिथून पंधराव्या दिवशी पुन्हा शुद्ध. काल एकादशी होती."

"आमच्या घरात एकादशी नसते हो," साळवे म्हणाले. "शालूच्या वेळेलासुद्धा आम्ही बुद्धवंदना घेतली, बाकी काही नाही."

"म्हणूनच तुम्हाला दिसलं नाही. तुमच्या डायरीत तिथ्या नाहीत. शिवरामभाऊंच्या घरी कॅलेंडर आहे, पण ते गुरुवार मोजत बसले." शिवरामने खाली पाहिलं. नीलाताईंनी पर्समधून दुसरा बोळा काढून टेबलावर ठेवला. तोही काळानिळा होता. "हा मधल्या भिंतीवरचा. कावळे जिथे रोज उतरतात तिथे शीट पडते. तिथे एकही नाही. विमलाबाई रोज दुपारी तिथे नवऱ्याच्या नावाने भाताची मूद ठेवते, एकाच वाटीची, वर कालवण. आणि ठेवणारी पाठ फिरवून आत जाते."

साळवे ताडकन उठले. म्हणजे त्या बाईने माझ्या कुत्र्याचा डोळा घालवला, चार वेळा त्याच्या जिवावर उठली, आणि वर तक्रारी करते ती करतेच. आत्ता जाऊन सांगतो, उद्यापासून हे थेर बंद. भुऱ्या गडबडून उठला.

नीलाताईंनी त्यांना अडवलं नाही. फक्त दहाव्याच्या दिवशी खाडीवर काय झालं ते सांगितलं, तीन तासांचं, कुजबुजीचं, आणि रोज शिवल्या जाणाऱ्या मुदीचं. "तुमचा कुत्रा आहे. सांगायचा हक्क तुमचा आहे. सांगितलंत की ती भात बंद करेल, यात शंका नाही. फक्त काय मोडायला चाललात ते ठाऊक असावं."

साळवे दाराच्या कडीला हात लावून उभे राहिले. मग परत येऊन बसले.

"शालू गेली तेव्हा मी महिनाभर दोन ताटं वाढत होतो," ते म्हणाले. "माझा कशावर विश्वास नाही. तरी वाढत होतो."

शिवरामच्या घरी बायकोची चहाची कपबशी अजून वरच्या फळीवर वेगळी होती, हे त्याने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"याला भात अगदी नकोच का?" थोड्या वेळाने साळव्यांनी विचारलं.

"भात त्याला पचतो, तुमच्याआमच्यासारखाच. साखरवाल्या कुत्र्याला घात करतो तो कधी असलेला नि कधी नसलेला भात. रोज तेवढाच, त्याच वेळी असेल आणि डॉक्टरांना माहीत असेल, तर ते सुई त्या बेताने ठरवतील. ते सोमवारी येतायत, मी मघाशी दवाखान्यात जाऊन कंपाउंडरला विचारलंय. त्यांना सगळं खरं सांगा."

"मग उपासाच्या दिवशी मी घालीन," साळवे म्हणाले. "वाटीभर. तिला काही कळायला नको."

डॉक्टर आले, कपाळाला आठ्या घालून त्यांनी ऐकलं, डोस उतरवला आणि मुदीचं माप लिहून घेतलं. डोळ्याची साय जाणार नव्हती, पण उजवा डोळा वाचेल म्हणाले. ते काम तिथेच संपलं. तरी शनिवारी सकाळी शिवराम कोलशेतच्या बसमध्ये बसला. कुत्रा कसा आहे बघून येतो, असं त्याने नीलाताईंना सांगितलं, आणि त्यांनी चष्म्यावरून बघून बरं म्हटलं.

साळव्यांचा चेहरा सुधारला होता. आठवडाभर रंग हिरव्याच्या वर गेला नव्हता. कॅलेंडर आणलंत का, शिवरामने विचारलं. नाही, ते म्हणाले, शेजारीच विचारतो. रोज सकाळी भिंतीशी जाऊन हाक मारायची, विमलाबाई, आज तिथी काय? पहिल्या दिवशी ती बघतच राहिली. तुमच्यात नसतं ना हे, म्हणाली. नसतं, पण विचारून ठेवलेलं बरं, असं आपण उत्तर दिलं. आता ती आपणहून उद्याचीही सांगते, आणि सोबत चंद्रोदय किती वाजता तेही. काल बोलता बोलता पाव तास झाला.

"आज संकष्टी," साळवे अभिमानाने म्हणाले, आणि वाटीने मूद पाडून ताटलीत घेतली. एक वाजून गेला होता.

ते दोघे मागल्या दारी आले आणि थांबले. भुऱ्या भिंतीपाशी शेपूट हलवत होता. त्याच्यापुढे, भिंतीच्या त्या गुळगुळीत जागेवर, पांढरी मूद होती. वाफ निघत होती.

विमलाबाई तुळशीपलीकडे उभी होती. आज तिने पाठ फिरवली नव्हती.

"मावशी, आज तर तुमचा उपास," शिवराम म्हणाला.

"माझा हाय. त्याचा कशाला?" तिने पदर सारखा केला. "त्या बायने वार मोजून घेतले तवाच कललं मला. त्याला साखर हाय ते आधी कुणी सांगितलं असतं तर." तिने साळव्यांकडे पाहिलं नाही. "आणि कावला भाताबरोबर कालवणाचा थेंबन् थेंब चाटून नेत नाय, एवढं मलाबी समजतं. बघायचं नव्हतं म्हणून पाठ फिरवायची मी. दहाव्याला कुणी आलं नाय. मग रोज कुणीतरी यायला लागलं. कोण येतं ते बघून माझं काय राह्यलं असतं?"

साळव्यांच्या हातातली ताटली तशीच राहिली. तिला काही कळायला नको म्हणून ते आठवडाभर रोज सकाळी तिथी विचारत होते. आणि तीही, सगळं कळलंय हे न दाखवता, रोज सकाळी सांगत होती.

भुऱ्याने आपली मूद खाल्ली. दाणा ठेवला नाही. मग साळव्यांच्या ताटलीकडे नाक नेलं, तर त्यांनी पट्टा धरून त्याला मागे घेतलं. मापाबाहेर नाही, डॉक्टरांनी बजावलं होतं.

"ही उरली," ते म्हणाले. "आता हिचं काय करायचं?"

साळवे पुढे झाले, आणि आयुष्यात असलं काही न केलेल्या त्या माणसाने ती मूद नीट, हाताने कड सारखी करून, भिंतीवर ठेवली.

"आता बघत उभं रहायचं नाय," विमलाबाई हळूच म्हणाली.

तिने पाठ फिरवली. कुत्र्याला कवेत धरून साळव्यांनीही फिरवली. शिवरामला फळीवरची कपबशी आठवली, आणि तोही दाराकडे तोंड करून उभा राहिला. दुपार अगदी निवांत होती. थोड्या वेळाने मागे भिंतीवर पंखांची फडफड झाली. भुऱ्याने कान टवकारले, पण तिघांपैकी कुणी मागे वळून पाहिलं नाही.